बद्रला अब्बा विहीर शोधत होते

उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून परत आले त्याला दीड महिना झाला. मक्का-मदिनेबद्दल खूप जणांनी लिहिलंय आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय, तर त्यात मी पडत नाही. मधले दोन-तीन दिवस मात्र लिहायचेच होते, कारण बद्रला, म्हणजे मुसलमानांची मक्केच्या कुरैश टोळीशी पहिली मोठी लढाई झाली त्या गावी, जायची इच्छा सगळ्यांनाच असते पण टूरवाले एक तर नेत नाहीत, नाहीतर बसमधून अर्धा तास खाली उतरवतात, फोटो काढा आणि चला परत.

आम्ही पाच जण. मी, अब्बा (वय ७४, पाटबंधारे खात्यातून रिटायर), माझा मोठा भाऊ म्हणजे भाई जो गेली अकरा वर्षं सौदीत यानबूला नोकरीला आहे, भाभी आणि त्यांचा सहा वर्षांचा छोटू. अम्मीचा उमरा आधीच झालाय आणि आता तिचे गुडघे चालत नाहीत म्हणून ती चिपळूणलाच थांबली. मी शाळेतून जानेवारीत रजा काढली. मक्केतला उमरा आटोपला आणि भाई जेद्दाहून गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला.

पहिला दिवस : जेद्दा ते बद्र, मध्ये मासे

जेद्दाहून यानबूच्या हायवेने उत्तरेला निघालो. डाव्या हाताला समुद्र आहे हे माहीत असतं पण बराच वेळ दिसत नाही, नुसतं सपाट मैदान, विजेचे खांब आणि लांब कुठेतरी उंट. राबिग लागलं. त्याच्याजवळच जुहफा, म्हणजे इजिप्त-शामकडून (शाम म्हणजे सीरियाची बाजू) येणाऱ्यांचं मीकात, इहराम बांधायची जागा. भाभी म्हणाली उतरू या का, पण अब्बांना बद्रचे वेध लागले होते, ते म्हणाले आपला उमरा झालाय, चला पुढे.

जेवायला रायसला वळलो. हे समुद्रावरचं मच्छीमारांचं गाव, बद्रपासून गाडीने अर्धा-पाऊण तास. आम्ही कोकणातले, आठ-दहा दिवस कोंबडी आणि भात खाऊन जीव आंबला होता त्यामुळे बर्फावर मांडलेले मासे बघूनच बरं वाटलं. इथली पद्धत अशी की मासा आपण निवडायचा, ते वजन करतात, आणि तळून पाहिजे की भाजून ते सांगायचं. आम्ही एक हामूर आणि एक शऊर घेतला. शऊर भाजून आला, वरून काळा पण आत पांढराशुभ्र आणि रसाळ, सोबत सयादिया म्हणजे कांदा पार तपकिरी होईपर्यंत परतून त्यात शिजवलेला भात. मीठ आणि लिंबू सोडून मसाला जवळजवळ नाहीच. अब्बांनी अर्धा मासा संपवला आणि मग म्हणाले, "चांगलाय, पण तिरफळ नाय." भाई म्हणाला अब्बा, अरबस्तानात तिरफळ कुठून आणू.

पण रायस मला दुसऱ्याच कारणासाठी लक्षात राहिलं. बद्रची गोष्ट सुरू होते ती एका काफिल्यापासून. मक्केच्या कुरैशांचा माल घेऊन अबू सुफियान शामहून परत येत होता आणि बद्रच्या पाण्यावर थांबणं हे त्या वाटेवर ठरलेलंच. पण माणूस सावध. काफिल्याच्या पुढे एकटाच पाण्यापाशी गेला, कोणी दिसलं का विचारलं, तर कळलं की दोन उंटस्वार आले होते, मशक भरून गेले. त्याने त्या उंटांच्या लेंड्या उचलून फोडल्या. आत खजुराच्या बिया निघाल्या. म्हणाला, हा यसरिबचा चारा, म्हणजे मदिनेची माणसं येऊन गेली! आणि त्याने काफिला वळवून किनाऱ्याच्या वाटेने पळवला. म्हणजे आम्ही मासे खात बसलो होतो तीच ही समुद्राची पट्टी. ही गोष्ट अब्बांनी आम्हाला लहानपणी इतक्यांदा सांगितलीय की छोटूलासुद्धा पाठ आहे, आणि त्याचा आवडता भाग लेंडीचाच.

संध्याकाळी बद्रला पोचलो. नकाशात गावाचं नाव बद्र हुनैन असंही दिसतं, त्याने गोंधळू नका, हुनैनची लढाई (इ.स. ६३०) वेगळी, ती मक्का-ताइफच्या बाजूला झाली. आम्ही फोनवरून एक फर्निश्ड फ्लॅट बुक केला होता, तिथे गेल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला तुमचं नावच नाही. पाऊण तास भाई त्याच्याशी हुज्जत घालत होता, शेवटी दोन गल्ल्या सोडून दुसरी जागा मिळाली, ती आधीच्यापेक्षा स्वस्त आणि बरी. टिप : छोट्या गावात ऑनलाइन बुकिंग केलंत तरी आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा, अरबी बोलणारं कोणी असेल तर त्याच्याकडून करा.

दुसरा दिवस : बद्र

सकाळी फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर अफगाणी तंदूरवाल्याकडे तमीस घेतली. ही आपल्या तव्याच्या दुप्पट आकाराची रोटी, वर तीळ, आणि कागदात गुंडाळून हातात देतात तेव्हा धरवत नाही इतकी गरम. सोबत फूल, म्हणजे घोटलेल्या बाकल्याच्या बिया, वर जिरं आणि तेल. चहा शेजारच्या बुफियात, म्हणजे छोट्या हॉटेलात, मालक अर्थात केरळचा. करक चहा एकच नंबर. त्याने विचारलं कुठले, मी म्हटलं महाराष्ट्र, तर म्हणाला मुंबई? आपण काहीही सांगा, मुंबईच होतं.

बद्र हे आता एक साधंसुधं गाव आहे, हे आधी डोक्यात घालून घ्या. मोबाइलची दुकानं, टायरवाले, शाळा सुटल्यावर बॅगा आपटत जाणारी पोरं. मला काय वाटलं होतं कोण जाणे, कदाचित मोठं मैदान आणि शांतता. प्रत्यक्षात चौकात गाड्या हॉर्न वाजवतात आणि तिथेच बाजूला दगडी फलकावर चौदा शहीदांची नावं.

ती नावं मी एकेक वाचली. सहा मुहाजिर, म्हणजे मक्केहून हिजरत करून आलेले, आणि आठ मदिनेचे अन्सार. उमैर इब्न अबी वक्कास, पोरसवदा होता, वय कमी म्हणून पैगंबरसाहेब परत पाठवत होते तर रडायला लागला, मग येऊ दिलं. उमैर इब्न हुमाम, हातात खजूर होते, ते खाऊन संपेपर्यंत जगणं म्हणजे फारच मोठं आयुष्य झालं असं म्हणून फेकून दिले आणि पुढे गेला. हारिसा इब्न सुराका, हा हौदावर पाणी पीत असताना बाण लागून गेला. माझ्या नववीच्या वर्गात या वयाची पोरं बसतात, हा विचार डोक्यातून जाईना.

कब्रस्तान भिंतीच्या आत आहे आणि फाटक बंद असतं. बाहेरून दुवा करायची. आत मोठमोठ्या कबरी, घुमट वगैरे काही शोधू नका, जमीन आणि दगड एवढंच. आपल्याकडच्या दर्ग्यांची सवय असलेल्यांना चुकल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं, पण तिथली रीत ती.

मग अरीश मशिद. लढाईच्या दिवशी पैगंबरसाहेबांसाठी जिथे मांडव घातला होता ती ही जागा मानतात. अरीश म्हणजेच झावळ्यांचा मांडव. आपल्याकडे उन्हाळ्यात खळ्यावर झापं टाकून मांडव घालतात ना, तेच, माड नाही तर खजूर एवढाच फरक. आजची मशिद पक्की बांधलेली आहे. दुपारची नमाज तिथे पढलो.

बाहेर आल्यावर अब्बांनी तो प्रश्न विचारला जो ते सकाळपासून धरून बसले होते. "पाणी कुठंय गो इथलं?"

हे नीट सांगते. अब्बांनी नोकरीत आयुष्यभर विहिरी, बंधारे आणि पाटाचं पाणी मोजलं. ते बद्रकडे बघतात ते पाण्याच्या अंगानेच. दुसऱ्या हिजरी सनाचा १७ रमजान, म्हणजे इ.स. ६२४ चा मार्च. इकडे मुसलमानांची तीनशे तेरा माणसं, सत्तर उंट (म्हणजे एका उंटावर तिघं-चौघं पाळीपाळीने, स्वतः पैगंबरसाहेबसुद्धा पाळी लावून), दोन घोडे. तिकडे कुरैश हजाराच्या आसपास. अब्बांचं म्हणणं, बाकी सगळं ईमान आणि अल्लाहची मदत आहेच, पण आधी विहिरीचं बघा. मुसलमान पहिल्या विहिरीजवळ उतरले तेव्हा हुबाब इब्न मुंझिर नावाच्या अन्सारींनी सरळ विचारलं, ही जागा अल्लाहच्या हुकमाने ठरली आहे की हा लढाईचा डाव आहे? डाव आहे म्हटल्यावर ते म्हणाले मग ही जागा बरोबर नाही, पुढे जाऊ, शत्रूच्या सगळ्यात जवळच्या विहिरीवर उतरू, बाकीच्या बुजवू आणि एक हौद बांधून भरून ठेवू, आपल्याला पाणी आणि त्यांना नाही. आणि पैगंबरसाहेबांनी ते ऐकलं. अब्बांना यातलं सगळ्यात आवडतं ते हे शेवटचं. खात्यात तेहतीस वर्षांत वरच्या साहेबाने त्यांचं किती वेळा ऐकलं ते त्यांनाच माहीत.

पुढेही सगळं पाण्याभोवतीच. कुरैशांपैकी पहिला मेला तो अस्वद मख्झूमी, या हौदाचं पाणी पिईन नाहीतर हौद फोडीन अशी शपथ घेऊन धावत आला आणि पैगंबरसाहेबांचे काका हमझा यांनी त्याला हौदाशीच गाठलं. आदल्या रात्री पाऊस पडला, मुसलमानांच्या बाजूची वाळू बसून पाय रोवायला घट्ट झाली आणि पलीकडे चिखल. आणि लढाईनंतर कुरैशांचे मेलेले सरदार टाकले तेही एका पडक्या विहिरीतच.

तर विहीर कुठंय? आम्ही बुफियावाल्याला विचारलं, एका टॅक्सीवाल्याला विचारलं (तो मुलतानचा, तो म्हणाला चाचा, सब यहीं कहीं था), मशिदीत झाडलोट करणाऱ्या बंगाली पोराला विचारलं, त्याने हात गोल फिरवून सगळंच गाव दाखवलं. मग अब्बा कुरआनच्या सूरह अन्फालची ४२ वी आयत म्हणायला लागले : तुम्ही खोऱ्याच्या जवळच्या कडेला होतात, ते लांबच्या कडेला आणि काफिला तुमच्या खाली. म्हणाले, हा नकाशाच आहे की! मदिनेकडची ती जवळची कड, मक्केकडची ती लांबची, आणि खाली म्हणजे समुद्राची बाजू, काल मासे खाल्ले ती. चौकात उभे राहून हाताने दिशा दाखवत होते आणि दोन-चार लोक थांबून बघत होते की म्हातारा ट्रॅफिक का अडवतोय.

दुपारनंतर वाळूच्या टेकडीवर. काळपट डोंगराला टेकून पांढरट वाळूचा प्रचंड ढीग आहे, लोक जबल मलाइका म्हणतात, फरिश्त्यांचा डोंगर. ऊन कलल्यावर जा, वाळू निवते. चपला काढून चढा, नाहीतर प्रत्येक पावलाला वाळू भरते. मी निम्म्यापर्यंत गेले आणि बसले, दोन पावलं वर तर एक खाली. छोटू मात्र तिथल्या पोरांबरोबर पुठ्ठ्यावर बसून घसरत होता, त्याला खाली बोलावता बोलावता मगरिब, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची वेळ झाली. वरून गाव, खजुराची झाडं आणि मागे डोंगरांची काळी रांग. वारा सुटला की वाळूचा पातळ थर धुरासारखा कडेवरून उडतो.

आणि मग आमच्या भाईसाहेबांनी गाडी अडकवली. जवळ लावतो म्हणाला आणि पुढची दोन्ही चाकं वाळूत. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी खाली गेली. अंधार पडत होता, भाभीचा आवाज चढत होता, तेवढ्यात एक पिकअप थांबली. पांढरा तोब घातलेला साठीचा माणूस, आपण हर्ब टोळीतले असं त्याने नंतर सांगितलं, या भागात तेच जास्त. एक शब्द न बोलता खाली बसला आणि चाकांची हवा सोडायला लागला. भाईला वाटलं हा करतोय काय. हवा कमी झाली, टायर पसरले, मागून दोर लावून एका झटक्यात गाडी बाहेर. मग स्वतःच्या कंप्रेसरने परत हवा भरून दिली. पैसे विचारले तर रागावला. उलट गाडीच्या मागच्या फळीवर थर्मास काढून गहवा म्हणजे अरबी कॉफी पाजली, वेलचीची, फिकट पिवळी, बिनसाखरेची, आणि खजुराचा डबा उघडला. कप रिकामा झाला की तो भरतच राहतो. पुरे असेल तर कप हातात थोडा हलवायचा, हे भाईने सांगेपर्यंत माझे चार झाले होते.

अब्बांनी त्यालाही विचारलं, बीर? अल-बीर फीन? म्हणजे विहीर कुठंय? तो हसला आणि पूर्वेकडे हात केला. भाईने भाषांतर केलं : इथली सोडा, उद्या मदिनेला जाताना रौहाला थांबा, तिथे विहीर आहे आणि पाणीही आहे.

अब्बांनी खजूर खाऊन बी वाळूत टाकली आणि म्हणाले, "अबू सुफियान आला तर कळेल त्याला आपण कुठून आलो ते."

थोड्या कामाच्या गोष्टी इथेच लिहिते. उमरा व्हिसावर आता देशात कुठेही फिरता येतं, बद्रला वेगळा परवाना लागत नाही. बद्र हरमच्या, म्हणजे मक्का-मदिनेच्या पवित्र हद्दीत नाही, त्यामुळे टूरिस्ट व्हिसावर आलेले माझे हिंदू मित्रमैत्रिणीही जाऊ शकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, जानेवारीतही दुपारी पंखा लागला आणि रात्री शाल. नमाजच्या वेळी छोट्या गावात दुकानं बंद झालेली मिळतात, म्हणून पाणी आणि पोरांचा खाऊ जवळ ठेवा. गाडी स्वतःची किंवा भाड्याची हवी, आणि ती डांबरावरच ठेवा!

तिसरा दिवस : वादी सफ्रा, रौहा, मदिना

मदिनेला जायला मोठा हायवे आहे पण आम्ही जुन्या रस्त्याने गेलो, वादी सफ्रामधून, म्हणजे सफ्राच्या खोऱ्यातून. हाच रस्ता सगळ्यात सुंदर होता आणि याबद्दल कोणी काही सांगत नाही. दोन्ही बाजूंना उघडे, भाजल्यासारखे डोंगर आणि मध्ये खोऱ्याच्या तळाशी खजुराच्या बागांची हिरवी रेघ, तिच्या कडेने मातीच्या घरांची पडकी गावं. छप्परं गेलीत, भिंती उभ्या आहेत, कोनाडे दिसतात. यानबू-मदिनेची काफिल्यांची वाट इथूनच जायची. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये, तुर्कांविरुद्धच्या अरब बंडाचा नेता अमीर फैसल याची छावणी याच खोऱ्यात हमराला होती आणि 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणतात तो इंग्रज अधिकारी लॉरेन्स त्याला पहिल्यांदा भेटला तो तिथेच, हे भाईने सांगितलं. तो वाचतो असलं.

मला सफ्रा आठवतं ते उबैदा इब्न हारिससाठी. बद्रला सुरुवातीला तीन-तीन जणांची द्वंद्वं झाली, एका बाजूला हमझा, अली आणि उबैदा, समोर उतबा, शैबा आणि वलीद. उबैदांचा पाय तुटला. त्यांना उचलून मदिनेला नेत होते, पण सफ्रापर्यंतच पोचले. फलकावर नावं चौदा पण बद्रला पुरलेले तेरा, ते यामुळे.

आणि याच वाटेने सत्तर कैदीही गेले. बहुतेकांना नातेवाइकांनी पैसे भरून सोडवलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होतं त्यांना सांगितलं, मदिनेच्या दहा-दहा पोरांना लिहायला शिकवा आणि घरी जा. मी वर्गात छप्पन्न पोरांना शिकवते, माझी सुटका कधी, असं म्हटल्यावर अब्बा हसले.

मुसैजिदच्या पुढे रौहा. रस्त्याच्या बाजूला गाड्या उभ्या दिसल्या म्हणून कळलं, नाहीतर निघून गेलो असतो. बद्रला जाताना पैगंबरसाहेब रौहाच्या विहिरीवर थांबले होते, जुन्या सीरतमध्ये, म्हणजे पैगंबरचरित्रात, तिचं नाव सजसज दिलंय. लोक आता बीर शिफा म्हणतात, पाणी आधी कडू होतं आणि पैगंबरसाहेबांमुळे गोड झालं अशी श्रद्धा आहे. गर्दी चांगलीच, इंडोनेशियाचा एक अख्खा ग्रुप एकाच रंगाच्या स्कार्फमध्ये, पाकिस्तानी, तुर्की, सगळे कॅन आणि बाटल्या घेऊन.

अब्बा रांगेत उभे राहिले नाहीत. आधी विहिरीच्या कठड्याशी गेले, दोन्ही हात टेकून वाकून आत बघत राहिले. मी शेजारी. आतला दगड एकावर एक बसवलेला, खाली अंधार आणि त्यात एकदा काहीतरी चमकलं. त्यांचे ओठ हलत होते, मला वाटलं दुवा करतायत. मग म्हणाले, "पंचवीस हात तरी असंल. चिऱ्याची नाय, पण बांधणी बघ, एक दगड हललेला नाय." नंतर डोळे पुसले. ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

पाणी ओंजळीत घेऊन आधी वास घेतला, मग एक घोट तोंडात फिरवला, खात्यातल्या सवयीने. "थोडं जड आहे. पण मचूळ नाय." आणि मग तीन ओंजळी प्यायले. आम्ही दोन बाटल्या भरल्या. मदिनेला पोचेपर्यंत त्यातली एक छोटूने जवळजवळ संपवली आणि उरलेल्या पाण्यात खजुराने चिकट झालेले हात धुतले, भाभी ओरडली तर अब्बा म्हणाले पोराला तहान लागली होती, आणि पाणी कशासाठी असतं?

चौथा दिवस आणि पुढे

मदिनेवर लिहिणार नाही म्हटलंय तर नाही लिहीत. फक्त एवढंच, रौझ्यात, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या मशिदीतल्या त्यांच्या कबरीजवळच्या जागेत, जायचा परवाना नुसुक ॲपवर घ्यावा लागतो आणि बायकांच्या वेळा वेगळ्या असतात, तो मदिनेला पोचायच्या आधीच बघून ठेवा. अज्वा खजूर मशिदीसमोरच्या दुकानांपेक्षा खजुराच्या मंडईत बरे मिळतात, आधी एक खाऊन बघा, कोणी नको म्हणत नाही. आम्ही चार किलो घेतले, ते पाहुण्यांना वाटून आणि येताजाता खाऊन आठवड्यात संपले.

रौहाची दुसरी बाटली अब्बांनी लुंगीत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत घातली, ती धड पोचली. कपाटात आहे, अजून उघडलेली नाही.

परवा अम्मी अंगण झाडत होती. पायरीजवळ केर एका बाजूला सारून तिने कंबर सरळ केली आणि मला हाक मारली. हातात सात-आठ काळपट बिया होत्या. "मदिनेच्या ना गो या?" म्हणाली. मी हसत सुटले, आणि तिला कळेना मी का हसतेय.